एकही जंतू नसलेली टाकी

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला काचेच्या पेटीत पाणी भरून त्यात चार मासे सोडता येणार नाहीत, असं म्हणायची कुणाची छाती होती? कुणाचीच नव्हती! निदान सरांच्या तोंडावर तरी नव्हती.

सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शाळेतून सर बाहेर पडले होते, पण सरांमधून शाळा काही बाहेर पडली नव्हती. दूध उतू गेलं की ओटा पुसायच्या आधी ते बायकोला दूध का उतू जातं ते समजावून सांगत. एकदा बल्ब बदलायला आलेला वायरमन शिडीवर हात वर करून पाऊण तास उभा होता, कारण खालून टंगस्टनचा इतिहास चालू होता. त्या दिवसापासून तो सरांच्या गल्लीत शिडी घेऊन येत नाही.

तर झालं असं, की सरांची बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचा पाय मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर! बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ आरामखुर्ची, खुर्चीसमोर स्टूल, स्टुलावर उशी आणि उशीवर तो पांढराशुभ्र पाय. आठवडाभरात तिची तीन पुस्तकं वाचून झाली, एक स्वेटर विणून झाला, तोच उसवून पुन्हा विणून झाला, आणि आठवून काढावं असं माहेरचं एकही भांडण शिल्लक राहिलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "मला बघायला काहीतरी आणा."

"मी आहे की!"

"तुम्हाला बघून झालंय. काहीतरी हलणारं हवं. पण बोलणारं नको."

सरांनी चष्मा पुसला. हलणारं पण न बोलणारं! कोडं सुटायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

"मासे!" ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी तुझ्या समोर मासे असतील. आदर्श मत्स्यालय कसं असतं ते आख्ख्या गल्लीला दाखवतो!"

शोभेच्या माशांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. ते चालवणारी बाई पन्नाशीला टेकलेली असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कमरेला जाळी खोचलेली, आणि हात कायम ओले. गावभर तिला फिशताई म्हणत. सर दुकानात शिरले तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला पिशवी बांधून देत होती.

"या सर," ती म्हणाली.

सरांना बरं वाटलं. त्यांना सगळेच सर म्हणत. न म्हटलं तर ते दुरुस्त करत.

टाकी निवडली. खडी निवडली. फिल्टर, हीटर, पाण्यात उभा राहणारा प्लॅस्टिकचा एक पाणबुड्या, सगळं निवडलं. मग सरांनी काचांमागच्या माशांकडे बोट केलं. "आणि हे चार, ते चार, आणि तो लठ्ठ नारिंगी."

फिशताई हसली. "मासे आज नाही देणार, सर. टाकी लावा, फिल्टर चालू ठेवा, आणि महिन्याभराने या."

"महिन्याने? का? मासे काय शिवायला टाकायचेत?"

"तसं नाही. टाकी तयार व्हावी लागते. पाण्यात आधी—"

"क्लोरीन असतो!" सरांनी वाक्य हवेतच झेललं. "एक दिवस उघडं ठेवलं की उडून जातो. ठाऊक आहे मला."

"ते तर आहेच. पण फिल्टरमध्ये हळूहळू—"

"घाण साठते! रोज धुवायचा."

"रोज नको, सर! उलट—"

"हे बघा बाई," सरांनी आवाज चढवला. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती आणि प्रेक्षक दिसले की सरांचा आवाज आपोआप शेवटच्या बाकापर्यंत जायचा. "तुम्ही मासे विकता. मी विज्ञान शिकवतो. ज्याने त्याने आपापलं काम करावं!"

गिऱ्हाइकं हसली. फिशताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती एवढंच म्हणाली, "बरं, सर." टाकी तिने नीट बांधून दिली. मासा मात्र एकही दिला नाही.

पुढचे दोन दिवस सरांच्या घरात शस्त्रक्रियेची तयारी असावी तसं वातावरण होतं. खडी मोठ्या पातेल्यात उकळली गेली. फिल्टरचा स्पंज उकळला गेला. पाणबुड्याही उकळला गेला, आणि उकळल्यावर तो कमरेत असा वाकला, की पाण्याच्या तळाशी हरवलेला चष्मा शोधत असल्यासारखा कायमचा ओणवा राहिला. पाणी बादल्यांमधून चोवीस तास उघडं ठेवलं. टाकीची काच सरांनी तीनदा पुसली. दिवा लावला. बुडबुडे सुटले.

"कसं दिसतंय?"

"छान," बायको म्हणाली. "पण अहो, यात पाणीच आहे."

"शुद्ध पाणी आहे!"

"हो ना. पण शुद्ध पाणी किती वेळ बघायचं?"

प्रश्न बिनतोड होता. सरांनी स्वतः परत दुकानात जाणं शक्य नव्हतं. पण माणसं पाठवणं शक्य होतं! सरांनी वहीचं पान फाडलं आणि आपल्या वळणदार अक्षरात यादी लिहिली. मग त्यांनी मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेला सरळमार्गी माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्याला उचकी लागत असे.

"काही अवघड नाही," सरांनी त्याला शिकवलं. "ही चिठ्ठी द्यायची आणि सांगायचं, माझी टाकी जुनी आहे. चार मासे द्या. बस्स."

तासाभराने मेहुणा पिशवीत चार मासे आणि चेहऱ्यावर घाम घेऊन परतला.

"दिले! पण भावोजी, तिने प्रश्न विचारले."

"काय विचारलं?"

"टाकी किती जुनी, म्हणाली. मी म्हटलं, फार जुनी. वडिलोपार्जित."

"वडिलोपार्जित?"

"तोंडातून गेलं! मग म्हणाली, फिल्टर कसा आहे? मी म्हटलं, स्वभावाने चांगला आहे."

सरांनी कपाळाला हात लावला. पण मासे तर आले होते! लगेच खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना चिठ्ठी देऊन धाडलं, त्यांनी तीन आणले. दुपारी नवी चिठ्ठी घेऊन मेहुणा पुन्हा गेला, वडिलोपार्जित टाकीत पाहुणे वाढवायला. त्याने उचक्या देत देत चार आणले, आणि त्यात तो लठ्ठ नारिंगीही होता.

अकरा मासे! सरांनी पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. पिशवीतलं तापमान, टाकीतलं तापमान, हातात घड्याळ. दोन्ही आकडे जुळल्यावर त्यांनी एकेक पिशवी उघडली, आणि मासे हळूच बाहेर पडले. बायको खुर्चीत पुढे झुकली. प्लास्टरचा पाय उशीवरून घसरला तरी तिला कळलं नाही.

"अगंबाई, तो बघा, तो! आला आणि पहिल्यांदा पाणबुड्यालाच ढोसतोय!"

पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदा मोकळेपणी हसत होती. सरांची छाती इतकी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण उघडावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या लोकांना बोलावून प्रात्यक्षिक दिलं. हातात पट्टी होती. "लक्षात घ्या! रोज सकाळी फिल्टर काढून उकळत्या पाण्याने धुतला जाईल. या टाकीत तुम्हाला एकही जंतू सापडणार नाही. एकही!" शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याला उगाचच एक उचकी लागली.

बायकोने माशांना नावं ठेवली. सारखी इकडून तिकडे धावणारी ती लगीनघाई. काचेला नाक लावून प्रत्येकाला न्याहाळणारा काळा मासा म्हणजे इन्स्पेक्टर. पाणबुड्यामागे लपणाऱ्या दोघी जावा. आणि तो लठ्ठ नारिंगी, जो टाकीच्या मधोमध उभा राहून सतत तोंडाची उघडझाप करायचा, त्याचं नाव तिने ठेवलं मास्तर.

"मास्तर का?" सरांनी विचारलं.

"सहज," ती म्हणाली आणि स्वेटर विणू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. "अहो, इकडे या. हे सगळे वर येऊन तोंड उघडतायत."

सरांनी पाहिलं. खरंच! अकराच्या अकरा मासे पृष्ठभागाला तोंड लावून आ वासत होते.

"भूक लागलीय," सरांनी निदान केलं, आणि चिमूटभर खाणं टाकलं. माशांनी ते खाल्लं नाही. "लाजतायत," सर म्हणाले, आणि आणखी चिमूटभर टाकलं.

संध्याकाळी पाणी पांढुरकं झालं, तांदूळ धुतल्यासारखं. सरांनी सगळं पाणी बदललं. फिल्टर उकळला. खडी पुन्हा उकळली. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा पांढुरकं, म्हणून सगळं पुन्हा बदललं आणि पुन्हा उकळलं.

"अहो, त्या बाईला विचारून या ना. तिला कळत असेल."

"तिला? ती काय सांगणार मला?"

"निदान वास तरी घ्या. मला कसलातरी उग्र वास येतोय."

"तुला प्लास्टरचा येतोय," सर म्हणाले, आणि त्यांनी आणखी एकदा फिल्टर उकळला.

सहाव्या दिवशी दुपारी सर वर्तमानपत्र वाचत असताना बायको काहीच बोलेना, म्हणून त्यांनी मान वर केली. ती टाकीकडे बघत होती. लगीनघाई पाण्यावर आडवी तरंगत होती. इन्स्पेक्टर तळाशी, पाणबुड्याच्या पायाशी पडला होता.

"माझ्या डोळ्यांदेखत गेले हो," ती म्हणाली. "मी तुम्हाला हाक मारणार होते, पण म्हटलं, तुम्ही परत काहीतरी समजावून सांगाल."

आणि तिने पदर डोळ्यांना लावला. सरांना हे सहन होईना. पाय मोडला तेव्हाही ती रडली नव्हती! त्यांना कुणावर तरी रागवायलाच हवं होतं, आणि स्वतः सोडून दुसरं कुणीतरी जवळपास मिळतंय का ते त्यांनी पाहिलं. फिशताई मिळाली.

"आजारी मासे विकले तिने! आता दाखवतोच!"

उरलेले नऊ मासे न्यायला घरात झाकणाचं मोठं भांडं एकच होतं, प्रेशर कुकर. सरांनी टाकीतलं पाणी भरलं, मासे भरले, शिट्टी काढून झाकण अलगद टेकवलं, आणि दोन्ही हातांनी कुकर छातीशी धरून ते बाजाराकडे निघाले. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, "सर, आज काय शिजवलंय?" सरांनी उत्तर दिलं नाही. असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होता.

दुकानात गर्दी होती. सरांनी कुकर काउंटरवर आदळला. पाणी उडालं.

"हे तुमचे मासे! दोन मेले, नऊ मरायला टेकलेत! रोगट माल गळ्यात मारता लोकांच्या? या बाईकडून कुणीही काही घेऊ नका! शास्त्राचा गंध नाही आणि दुकान थाटलंय!"

फिशताईने झाकण उचललं, आत पाहिलं, आणि सरांकडे न बघता भराभर हालचाली सुरू केल्या. जाळी, स्वच्छ पाण्याची टाकी, एकेक मासा थेंब थेंब नव्या पाण्याची सवय करून आत. मास्तर सगळ्यात शेवटी आत पोचला. तिने कुकरमधलं थोडं पाणी एका काचेच्या नळीत घेतलं.

आता काचेची नळी म्हणजे सरांचा प्रांत! ते पुढे सरसावले. तिने एका बाटलीतले आठ थेंब टाकले, दुसऱ्या बाटलीतले आठ. नळी हलवली. पाणी पिवळं होतं ते हिरवं झालं, आणि मग इतकं गडद हिरवं झालं, की मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं.

"फिल्टर धुतलात, सर?" तिने विचारलं.

"रोज. उकळत्या पाण्याने."

"खडी?"

"उकळली. तीनदा."

"पाणी?"

"सगळं बदललं. दोनदा."

"म्हणजे टाकीत एकही जंतू—"

"एकही नाही!" सरांच्या तोंडून सवयीने अभिमानाने निघून गेलं.

"तेच म्हणतेय मी," फिशताई हळू आवाजात म्हणाली. "एकही नाही. म्हणूनच मेले."

तिने शेजारच्या खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि मार्करने त्यावर एक मासा काढला. माशापासून बाण, पुढे लिहिलं अमोनिया. "ही माशांची घाण. विष असतं हे. महिनाभरात फिल्टरमध्ये चांगले जंतू वाढतात. ते याचं नायट्राइट करतात." बाण. "दुसरे जंतू त्याचं नायट्रेट करतात." बाण. "ते झाडं खातात." बाण. बाण गोल फिरून पुन्हा माशापाशी आला.

सरांचा उजवा हात नकळत वर उठला होता. हवेत खडू धरल्यासारखा. ती पुढचा बाण काढायच्या आधी त्यांचं बोट त्या दिशेला वळत होतं. दरवर्षी, दर तुकडीला, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत! परीक्षेत पाच मार्कांना हमखास!

"नायट्रोजन चक्र," सर पुटपुटले.

"अय्या, तुम्हाला माहितीय?" फिशताईने विचारलं. कुजकटपणे नव्हे हो! अगदी मनापासून, आनंदाने विचारलं.

सरांना वाटलं, समोरच्या कुकरमध्ये शिरावं आणि आतून झाकण लावून घ्यावं.

"आणखी एक विचारू, सर? ते वडिलोपार्जित टाकीवाले काका तुमचे कोण?"

"मेहुणे."

"आणि शिंपीणबाई?"

"खाली राहतात."

"तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच अक्षर होतं. तिसरी हातात आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर काका मासे घेऊन पळाले होते. फार सुंदर अक्षर आहे तुमचं." तिने रिकामा कुकर पुसून त्यांच्या हातात दिला. "मासे राहू देत इथे. बहुतेक वाचतील. घरी सांगा, काळजी करू नका."

सर घरी आले ते गल्लीच्या मागच्या बाजूने. कुकर ओट्यावर ठेवला. बायकोने विचारलं, "मासे?"

"निरीक्षणाखाली आहेत."

"कुणाच्या?"

"तज्ज्ञांच्या."

"अहो, माझ्याकडे बघून बोला."

मग सरांनी सगळं सांगितलं. खुर्चीसमोर उभं राहून, हात मागे बांधून सांगितलं. उकळलेला फिल्टर, हिरवी नळी, चिठ्ठ्यांचं अक्षर, आणि पुठ्ठ्यावरचे बाण. सांगताना त्यांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट हळूहळू जागी होत होती, आणि ती सगळ्यात वाईट होती.

"मला वाटतं," ते म्हणाले, "ती माझी विद्यार्थिनी असावी. पहिल्या दिवसापासून सर म्हणतेय. आकृती तर अगदी माझी! माझं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसायची. तिने नायट्रोजन चक्रात एक बाण उलटा काढला. मी तिची वही वर्गात सगळ्यांना दाखवली, हसवलं सगळ्यांना, आणि तिला आठवडाभर विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं. तिचे कानही असेच लाल झाले होते."

बायकोने विणकाम मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मग दोन माफ्या झाल्या. एक तेव्हाची, एक आजची. उद्या सकाळी जा. आणि सगळ्यांसमोर बोललात ना? मग सगळ्यांसमोरच मागा."

"सगळ्यांसमोर?"

"ते झाल्याशिवाय मासे घरी आणलेत, तर मी डोळे मिटून बसेन."

सकाळी सरांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि आरशासमोर माफीचा सराव केला. पहिल्या खेपेला माफीत प्रस्तावना आली, दुसऱ्या खेपेला उदाहरणं आली. तिसऱ्या खेपेला त्यांनी सगळं खोडलं आणि निघाले.

सुट्टीचा दिवस होता. दुकानात आदल्या दिवशीपेक्षा दुप्पट गर्दी! पुढे एक आजीबाई, त्यांच्या मागे खांद्यावर पाइप आणि हातात पाना घेतलेला टक्कल पडलेला एक प्लंबर, त्याच्या मागे आणखी पाच-सहा जण. आदल्या दिवशीचे दोघे तर नक्कीच होते, कारण त्यांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. सर सरळ काउंटरसमोर जाऊन उभे राहिले.

"मला काही बोलायचंय," ते म्हणाले. आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "मला सगळ्यांसमोर बोलायचंय. काल मी या बाईंना नाही नाही ते बोललो. चूक माझी होती. मासे निरोगी होते, मी मारले. त्यांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. शास्त्राचा गंध मला नव्हता."

फिशताई हातातली जाळी तशीच धरून उभी राहिली. "अहो सर, असू द्या हो."

"नाही, थांबा! अजून आहे." सरांनी हात मागे बांधले. "वर्गात तुमचा बाण चुकला होता. मी तुमची वही सगळ्यांना दाखवली. आठवडाभर तुम्हाला बाहेर उभं केलं. लहान मुलीला असं करायला नको होतं. मला माफ करा."

आजीबाईंनी डोळे टिपले.

फिशताईचा चेहरा गोंधळला होता. "सर," ती अवघडून म्हणाली, "मी तुमच्या शाळेत नव्हते हो. मी या गावात लग्न होऊन आले."

"काय?"

"चक्राचं मी टाकी धुऊन धुऊन शिकले. माझे पहिले चाळीस मासे मेले तेव्हा."

"पण तुम्ही मला सर म्हणता!"

"चष्मा लावलेल्या सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणते, सर. बरं दिसतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मागितलेली माफी, आणि तीही चुकीच्या पत्त्यावर!

"मग ती मुलगी कोण?" ते स्वतःशीच म्हणाले. "तिसऱ्या बाकावरची? दोन वेण्यांची?"

"मुलगी नव्हती, सर," रांगेतून आवाज आला.

सरांनी वळून पाहिलं. प्लंबरने खांद्यावरचा पाइप खाली उतरवला होता. त्याच्या दुसऱ्या हातात कासवाच्या खाण्याचा डबा होता.

"मी होतो. दोन वेण्यावाली माझ्या शेजारी बसायची, ती फक्त हसली होती. बाहेर मी उभा होतो. सहा दिवस. सहाव्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला, मोकळा उभाच आहेस तर, म्हणून नळ दुरुस्त करणाऱ्याबरोबर पाना धरायला पाठवलं." त्याने हातातल्या पान्याकडे पाहिलं. "तो अजून हातात आहे."

सरांनी त्या टक्कल पडलेल्या डोक्याखाली लहान मुलाचा चेहरा शोधायचा प्रयत्न केला. दिसेना. नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. वही आठवत होती, बाण आठवत होता, वर्गाचं हसणं आठवत होतं. ज्याला सगळे हसले होते, तो तेवढा आठवत नव्हता.

"मला..." ते म्हणाले, "मला माफ कर बाळ. म्हणजे माफ करा. तुमचा बाण उलटा होता, पण म्हणून काही मी—"

"उलटा नव्हता, सर."

"अं?"

"नायट्रेटकडून परत हवेकडे जाणारा बाण होता. तसले जंतूही असतात मातीत. मी ते मोठ्या भावाच्या पुस्तकात पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन आलो होतो तुम्हाला दाखवायला. तुम्ही म्हणालात, आधी बाहेर जा."

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तो बाण असतो! अर्थातच असतो! नंतरच्या एकतीस वर्षांत त्यांनी तो स्वतः हजारदा फळ्यावर काढला होता. त्या पहिल्या वर्षी मात्र त्यांनी स्वतःच तो धडा शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

"मी..." सरांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, आणि पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं, की चष्मा नाही, डोळे ओले आहेत. "मी पहिल्यापासून सांगतो. पहिल्यापासून माफी मागतो. तर पहिल्यांदा असं, की त्या दिवशी—"

"सर," फिशताई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "गिऱ्हाइकं खोळंबलीत हो. तुम्ही दोघं जरा बाहेर उभं राहून बोलता का?"

सर मुकाट्याने दाराबाहेर जाऊन उभे राहिले. प्लंबरने कासवाचं खाणं बांधून घेतलं, आजीबाईंना आधी जाऊ दिलं, पाइप खांद्यावर नीट बसवला, आणि मग सावकाश बाहेर आला. त्याला काही घाई नव्हती.